राजपुरीच्या खाडीत विरलेल्या बोली

मुंबई-गोवा महामार्ग इंदापूरला सोडला की रस्ता तळ्याकडे वळतो. रायगड जिल्ह्यातला हा आडबाजूचा, लहानसा तालुका. गावाच्या डोक्यावर तळगड, शेजारी घोसाळगड आणि थोड्या अंतरावर मांदाडची खाडी. ही खाडी पुढे राजपुरीची होते आणि तिच्या तोंडाशी समुद्रात जंजिरा उभा आहे. तळ्याचा इतिहास म्हणजे बराचसा या खाडीवर नजर ठेवण्याचा इतिहास. शिवाजी महाराजांनी तळा आणि घोसाळे घेतले ते जंजिऱ्याच्या सिद्दीला जमिनीच्या बाजूने आवळायला. 1659 साली अफझलखान चालून आला, तेव्हा संधी साधून सिद्दीने तळ्याला वेढा घातला आणि खान प्रतापगडाखाली पडल्याची बातमी येताच तो उठवलाही. 1665 च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी जे बारा किल्ले स्वतःकडे राखले, त्यांत तळा होता. 1818 मध्ये कर्नल प्रॉथरने तो घेतला आणि गडाची नोकरी संपली.

सिद्दी आफ्रिकेतून आले, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण ते येताना कोणती भाषा बोलत आले? घरात, तांड्यात, तोफेपाशी, आजारपणात तोंडातून कोणते शब्द निघत? हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. विचारला तरी उत्तर ठोकून दिलं जातं, की ‘आफ्रिकन’. जणू आफ्रिकेची एकच भाषा आहे.

आफ्रिकेत दोन हजारांच्या आसपास भाषा आहेत. त्यातला मोठा हिस्सा, सुमारे पाचशे भाषा, बांटू कुळातला. कॅमेरूनच्या बाजूने निघून हे भाषक काही हजार वर्षांत दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे पसरत गेले आणि पार हिंदी महासागराच्या किनाऱ्याला लागले. ‘बांटू’ हे नाव मात्र अलीकडचं. विल्हेल्म ब्लीक या जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ते रूढ केलं. या पाचशे भाषांपैकी एक झारामो. आजच्या टांझानियातल्या दार-एस-सलाम शहराच्या आणि त्याच्या मागच्या टेकड्यांच्या मुलखाची ती मूळ भाषा. आपल्या राजपुरीच्या खाडीसमोरच्या समुद्राच्या पलीकडच्या काठावर, बरंच दक्षिणेला, हा मुलूख येतो.

दोन्ही किनाऱ्यांची नावं एकाच पुस्तकात पहिल्यांदा येतात ती इसवी सनाच्या पहिल्या शतकात. ‘पेरिप्लस’ हे ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेलं जलमार्गाचं टिपण. त्यात चौलच्या दक्षिणेला ‘मंदागोरा’ नावाचं बंदर येतं. ते मांदाडच, असं काही अभ्यासक मानतात. त्याच टिपणात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची शेवटची पेठ म्हणून ‘ऱ्हाप्टा’ येते. शिवलेल्या होड्यांवरून तिला हे नाव पडलं, असं टिपणकार सांगतो. ऱ्हाप्टा नेमकी कुठे यावर वाद आहेत, पण बहुतेकांची बोटं टांझानियाच्या किनाऱ्याकडेच जातात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून गहू, तांदूळ, तूप, तिळाचं तेल आणि सुती कापड आफ्रिकेच्या शिंगाकडे जायचं, तेही याच टिपणात आहे. मांदाडजवळच्या कुडा लेण्यांत सव्वीस लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखांत दानं देणाऱ्यांमध्ये महाभोजांच्या घराण्याबरोबर माळी, वैद्य, सार्थवाह आणि लोखंडाचा व्यापारी भेटतात. म्हणजे ही खाडी तेव्हा गजबजलेली होती. माणसं येत-जात होती, त्यांच्याबरोबर भाषाही.

मात्र जंजिऱ्याचे सत्ताधीश ज्या आफ्रिकेतून आले, ती झारामोची आफ्रिका नव्हे. आपल्या बखरी आणि पत्रं त्यांना ‘हबशी’ म्हणतात आणि ते बरोबर आहे. हबश म्हणजे अॅबिसिनिया, आजचा इथिओपिया. दख्खनचा सगळ्यात मोठा हबशी मलिक अंबर हा हरारच्या बाजूचा. गुलाम म्हणून बाजारोबाजार विकला जात तो अहमदनगरला निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्याकडे आला. चंगीझखान स्वतःही हबशीच. इथिओपियात अम्हारिक ही अरबी-हिब्रूच्या नात्यातली, तर ओरोमो वेगळ्याच शाखेची, कुशितिक. बांटूशी दोघींचंही काही नातं नाही. मराठी आणि तमिळ यांत जेवढं अंतर, निदान तेवढं अम्हारिक आणि झारामो यांत आहे.

बांटू बोलणारे कोकणात आले ते वेगळ्या दारांनी. एक दार पोर्तुगीजांचं. मोझांबिकहून गोवा, दमण, दीव आणि चौलपर्यंत त्यांच्या जहाजांनी माणसं विकायला आणली. गोव्यात आजही आफ्रिकी माणसाला ‘खाप्री’ म्हणतात तो त्याच काळाचा शिक्का. दुसरं दार अरबी गलबतांचं. किल्वा आणि झांजिबारच्या बाजारातून ती कच्छ, सिंध, काठेवाड आणि मुंबईला माल आणत, आणि त्या मालात माणसंही असत. तिसरं दार इंग्रजी आगबोटींचं. एकोणिसाव्या शतकात आगबोटीच्या भट्टीत कोळसा टाकायला जी माणसं लागत, त्यांना इंग्रज खलाशी सरसकट ‘सिदी’ म्हणत, मग ती कुठलीही असोत. म्हणजे हबशी वर बसले आणि बांटू खाली राबले, असं ढोबळ चित्र काढता येतं. ढोबळ अशासाठी, की तीनशे वर्षांत लग्नं झाली, चाकऱ्या बदलल्या, आणि विसाव्या शतकापर्यंत सगळ्यांना ‘सिद्दी’ हे एकच नाव चिकटलं.

आता भाषेचं काय झालं? जंजिऱ्याची सत्ता सतराव्या शतकाच्या पहिल्या चरणापासून 1948 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत टिकली. मराठे, मोगल, पोर्तुगीज, इंग्रज सगळे येऊन गेले, किल्ला काही पडला नाही. एवढ्या दीर्घ सत्तेत अम्हारिकचा एक दफ्तरी कागद नाही, ओरोमोतलं एक गाणं नाही. दरबारात फारसी आणि दख्खनी, मशिदीत अरबी, वसुलीच्या चावडीवर मोडीतली मराठी. कारकून-कारभारी मराठीच असत. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचे वडील आवजी हरी हे सिद्दीच्याच पदरी होते, असं परंपरा सांगते. राज्य आफ्रिकी वंशाच्या माणसांचं, आणि कागद मात्र कोकणस्थ किंवा कायस्थ हाताचा.

याचं कारण राजकारणात शोधू नये, घरात शोधावं. हबशी आला तो एकटा आला. दहा-बारा वर्षांचा पोरगा, एका बाजारातून दुसऱ्या बाजारात. बरोबर आई नाही, बहीण नाही, गावचा माणूस नाही. शेजारी उभा असलेला दुसरा पोरगाही गुलामच, पण त्याची बोली निराळी. मग दोघांना जोडायला मालकाचीच भाषा उरते. पुढे तो शिपाई झाला, जमादार झाला, कदाचित किल्लेदारही झाला. लग्न केलं ते इथल्या बाईशी. मुलं आईच्या मांडीवर कोकणी मुसलमानी बोली किंवा दख्खनी शिकली. बापाची भाषा त्याच्याबरोबर कबरीत गेली. जंजिऱ्याची भिंत चाळीस फुटी असो की शंभर, तिने भाषेला आडोसा दिला नाही.

हाच प्रकार एकोणिसाव्या शतकात नाशिकला जास्त स्पष्ट दिसतो, कारण तिथे त्याची नोंद राहिली. इंग्रजांचं आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडू लागलं. सुटलेल्या मुलांचं करायचं काय? चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर वसवलं होतं. विल्यम सॉल्टर प्राइस हे पाद्री तिथे होते. या मुलांसाठी तिथे ‘आफ्रिकन असायलम’ सुरू झालं. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं, बायबल. मुलं कुठकुठची? याओ, मकुआ, न्यासा सरोवराच्या काठची आणि आणखी किती ठिकाणची. एका वर्गात दहा मुलं आणि त्यांच्या दहा मायबोली, असं झालं की मायबोली कोणाचीच चालत नाही. नावंसुद्धा बदलली. जेकब वेनराइट, विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर ही नाशिकला वाढलेली नावं.

यातला जेकब वेनराइट जगाला माहीत झाला. आफ्रिकेच्या आतल्या भागात 1873 मध्ये संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन मेला. त्याचं शव वाळवून, कापडात गुंडाळून त्याच्या माणसांनी महिनोन् महिने चालत किनाऱ्यावर बागामोयोला आणलं. अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती नाशिकच्या या पोराने, आणि पुढे लंडनला वेस्टमिन्स्टर अॅबीपर्यंत शवपेटीबरोबर गेला तोही हाच. लिव्हिंग्स्टन त्याआधी 1866 च्या जानेवारीत मुंबईहूनच झांजिबारला निघाला होता. तेव्हाच्या त्याच्या तुकडीत नाशिकची नऊ मुलं होती, आणि चुमा नावाचा एक मुलगा मुंबईला जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेतला. गोदावरीच्या काठची माणसं टांगानिकाच्या वाटेवर, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत कधी आली नाही. यायला हरकत नव्हती.

पुढे प्राइस यांनाच मोंबासाजवळ ‘फ्रियर टाउन’ वसवायला पाठवलं गेलं. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी 1873 मध्ये गुलामांचा बाजार बंद करण्यासाठी झांजिबारच्या सुलतानाशी बोलणी केली होती, त्यांचं नाव वसाहतीला. शरणपूरची बरीच माणसं तिकडे गेली. तिथल्या लोकांनी त्यांना नाव दिलं ‘बॉम्बे आफ्रिकन्स’. आफ्रिकेत परत येऊनही ते मुंबईचेच ठरले. कपडे, इंग्रजी, हिंदुस्तानी, शिस्त सगळं वेगळं, आणि जन्मभाषा हातातून गेलेली.

असाच आणखी एक प्रवास झाला, आणि तो थेट झारामो मुलखातून जातो. सिदी मुबारक बॉम्बे हा जन्माने याओ. लहानपणी पकडला गेला, किल्व्याला विकला गेला, झांजिबारमार्गे हिंदुस्तानात आला. मालक मेल्यावर सुटका झाली, तो परत गेला आणि झांजिबारच्या सुलतानाच्या शिबंदीत लागला. ‘बॉम्बे’ हे आडनाव म्हणून घेऊन गेला. 1857 मध्ये रिचर्ड बर्टन आणि जॉन स्पीक नाईल नदीचा उगम शोधायला निघाले, तेव्हा तो त्यांना भेटला. स्पीकला स्वाहिली येत नव्हती. त्याचं आणि बॉम्बेचं सगळं बोलणं हिंदुस्तानीत चालायचं. बर्टन तर मुंबई फौजेतलाच. हिंदुस्तानी, गुजराती आणि मराठीच्याही सरकारी परीक्षा दिलेला.

किनारा सोडला की पहिला मुलूख उझारामोचा. तिथल्या सरदारांना वाटेचा कर दिल्याशिवाय तांडा पुढे सरकत नसे. आता प्रसंग असा: झारामो सरदार झारामोत बोलणार, तांड्याचा म्होरक्या त्याचं स्वाहिली करणार, बॉम्बे स्वाहिलीचं हिंदुस्तानी करणार आणि स्पीक ते डोक्यात इंग्रजीत उतरवून ‘नाही’ म्हणणार. कराच्या रकमेवरून वाद होऊन दिवस मोडायचे यात नवल ते काय. बॉम्बेने पुढे स्टॅन्ली आणि कॅमेरॉन यांच्या मोहिमाही ओढल्या. रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्याला 1876 मध्ये पदक दिलं. 1885 मध्ये तो वारला.

उझारामोतली ही भाषा कशी आहे? आपल्याकडे एकवचन-अनेकवचन शब्दाच्या शेवटी ठरतं: घोडा, घोडे. बांटू भाषांत ते तोंडाशी ठरतं. झारामो माणूस एक असला तर म्झारामो, अनेक असले तर वाझारामो, त्यांचा मुलूख उझारामो, त्यांची भाषा किझारामो. नामांचे असे पंधरा-सोळा वर्ग असतात, प्रत्येकाची आपली चिठ्ठी, आणि वाक्यातलं विशेषण-क्रियापद त्याच चिठ्ठीला मान देतं. स्वाहिलीने तर परक्या शब्दालाही सोडलं नाही. अरबीतून ‘किताब’ घेतला, त्यातला ‘कि’ आपल्याच वर्गाचा मानला आणि अनेकवचन करून टाकलं ‘विताबु’. व्याकरणाचा असा हिसका पाहिला की आपल्या शुद्धलेखनाच्या भांडणांची जरा मजा वाटते.

झारामो आणि स्वाहिली शेजारी आहेत, पण सख्ख्या बहिणी नाहीत. माल्कम गथ्रीच्या वर्गीकरणात झारामोला जी-33 हा क्रमांक आहे आणि झिगुला, क्वेरे, लुगुरू, कामी, कुटू या भाषा तिच्याच गटात येतात. स्वाहिलीला जी-40 मध्ये वेगळी खोली आहे. डेरेक नर्स आणि टॉमस हिनेबुश यांनी नंतर जास्त बारकाईने पाहिलं. त्यांच्या मते पूर्व किनाऱ्याच्या बांटूच्या चार शाखा: साबाकी, सेउटा, रुवू आणि पारे. स्वाहिली साबाकीत, केनियाच्या मिजिकेंडा आणि कोमोरो बेटांच्या भाषेसोबत. झारामो रुवूमध्ये, लुगुरू, क्वेरे, कागुलु, गोगो यांच्याबरोबर. नात्याची खूण ध्वनीत सापडते. ‘माणूस’ या अर्थाचा शब्द स्वाहिलीत ‘म्तु’, तर रुवू शाखेतल्या बऱ्याच भाषांत तो ‘मुन्हु’ होतो. मूळचा ‘न्त’ एका घरात ‘त’ झाला, दुसऱ्या घरात त्यात श्वास शिरला. झारामो लोकांची आपली आठवणही याला जोड देते. आम्ही आतल्या उलुगुरू डोंगरातून किनाऱ्याकडे उतरलो, असं त्यांचे जुने लोक सांगत. भाषा तेच म्हणते.

या भाषेची पहिली छापील नोंद 1869 ची. एडवर्ड स्टीअर या मिशनऱ्याने लंडनमध्ये एक पातळसं पुस्तक काढलं: गिंडो, झारामो आणि अंगाझिजा या तीन अप्रकाशित भाषांच्या शब्दसंग्रहाचे नमुने.  समोर बसलेल्या माणसाला ‘पाणी’ म्हण, ‘आग’ म्हण, ‘एक-दोन-तीन’ म्हण, असं विचारायचं आणि लिहायचं, एवढाच उद्योग. पुढे तो झांजिबारचा बिशप झाला आणि बंद पडलेल्या गुलामांच्या बाजाराच्या जागेवर त्याने चर्च बांधलं. झारामो भाषेच्या अभ्यासाची सुरुवात त्या पातळ पुस्तकापासून होते.

आणि नेमक्या त्याच दशकात झारामोवर घाला आला. 1860 च्या दशकात झांजिबारचा सुलतान माजिद याने म्झिझिमा या कोळीवाड्याशेजारी नवं बंदर वसवायला घेतलं: दार-एस-सलाम. 1891 पासून जर्मनांनी आपली राजधानी तिथे केली, नंतर इंग्रज आले, 1961 मध्ये स्वातंत्र्य. चहूकडून माणूस लोटला आणि तो बोलायचा स्वाहिली. राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी स्वाहिली ही राष्ट्रभाषा केली, प्राथमिक शाळा तिच्यात चालवली, स्वतः शेक्सपिअरचं ‘ज्युलियस सीझर’ तिच्यात आणलं. शंभरावर भाषांचा देश भांडणाशिवाय एका भाषेखाली आला, याचं जगभर कौतुक झालं आणि ते योग्यच आहे. बिल मात्र झारामोच्या नावाने फाटलं, कारण राजधानी तिच्याच अंगणात होती. 2022 च्या जनगणनेत शहराची वस्ती 53 लाखांच्या पुढे गेली. झारामो घरांतली तरुण पिढी स्वाहिलीच बोलते.

झारामो संस्कृतीची एक वस्तू मात्र जगभरच्या संग्रहालयांत आहे: ‘म्वाना हिती’. वीतभर लाकडाचा दंडगोल, वर डोकं, डोक्यावर दुभंगलेला केशसंभार, हात-पाय जवळजवळ नाहीतच. मुलगी वयात आली की तिला काही काळ घरात वेगळं ठेवत. त्या काळात ही बाहुली तिच्याकडे. तिने तिला न्हाऊ घालायचं, तेल लावायचं, मणी घालायचे. आपल्याकडच्या तान्ह्याच्या न्हाणीत आणि यात काय फरक? संग्रहालयाच्या काचेत बाहुली नीट दिसते. तिला न्हाऊ घालताना कोणते शब्द बोलत, ते काचेत ठेवता येत नाही.

घर टिकलं की भाषा टिकते, याचा पुरावा झारामोच्याच नात्यातल्या झिगुलाने दिला आहे. एकोणिसाव्या शतकात दुष्काळाने आणि गुलामगिरीने झिगुला लोक सोमालियात नेले गेले. तिथून ते पळाले, जुब्बा नदीच्या काठच्या जंगलात एकत्र वसले. बायका, मुलं, म्हातारे सगळे एका वस्तीत. दीडशे वर्षं त्यांची झिगुला, तिकडे तिला मुशुंगुली म्हणतात, सोमाली भाषेच्या मधोमध जिवंत राहिली. राज्य नाही, किल्ला नाही, तोफ नाही. 1991 नंतरच्या यादवीत ते निर्वासित झाले, काही अमेरिकेला गेले, काही टांझानियात परतले, आणि भाषा त्यांच्याबरोबर गेली.

आपल्या जवळचं उदाहरण कोर्लईचं. रेवदंड्याच्या खाडीच्या दक्षिणेला, मुरूडच्या वाटेवर, हे गाव आहे. पोर्तुगीजांनी 1594 मध्ये तिथला गड घेतला आणि 1740 मध्ये चौल-कोर्लई मराठ्यांकडे सोपवून ते निघून गेले. मागे राहिली ख्रिस्ती कुटुंबं, आणि त्यांची पोर्तुगीजपासून इथल्या मातीत घडलेली बोली, ‘नो लिंग’. चर्चभोवतीच्या आळीत, हजाराच्या आतबाहेर माणसांत, ती पावणेतीनशे वर्षं चालू आहे. शब्द पोर्तुगीज, वाक्याची चाल बरीचशी मराठी: क्रियापद शेवटी. क्लेमंट्स या अमेरिकन अभ्यासकाने 1996 मध्ये तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. कोर्लईहून जंजिरा फार लांब नाही. नवाबाच्या वाड्यात आफ्रिकी भाषेचा मागमूस राहिला नाही आणि शेजारच्या कोळी-शेतकरी ख्रिस्ती आळीत पोर्तुगीजची लेक नांदते आहे. सत्ता भाषा राखते असं म्हणणाऱ्यांनी हा रस्ता एकदा पायी करावा.

गुजरातच्या सिद्दींकडे थोडंफार उरलं. भरूच जिल्ह्यात रतनपूरला, अकीकच्या खाणींच्या टेकडीवर, बाबा गोर यांचा दर्गा आहे. तिथे सिद्दी जो नाच करतात त्याला ‘गोमा’ म्हणतात. मूळ शब्द ‘ङोमा’, म्हणजे ढोल आणि ढोलावरचा नाच. बांटू मुलखात पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत हा शब्द ऐकू येतो. मुगरमान हा उभा ढोल आणि मलुंगा हे धनुष्यासारखं एकतारी वाद्य अजून वाजतं. बर्टनने 1851 च्या आपल्या सिंधवरच्या पुस्तकात तिथल्या सिद्दींचे काही आफ्रिकी शब्द टिपून ठेवले होते. आज बोलणं गुजराती-हिंदीत आणि ढोलाचं नाव आफ्रिकेचं. उलट्या दिशेने आपले शब्द तिकडे गेले ते बाजाराच्या वाटेने: गाडीची ‘गारी’, लाखाचा ‘लाकी’, दुकानाचं ‘दुका’, विम्याचा ‘बिमा’. कच्छी-गुजराती पेढ्यांनी ते नेले आणि स्वाहिलीने आपल्या वर्गात बसवून घेतले.

एवढं सगळं सांगून तळ्याला परत यायचं ते वेगळ्या कारणासाठी. तळ्याच्या परिसरात कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. खैराचा कात काढणारे म्हणून कातकरी. जंगलाचे कायदे आल्यावर कात गेला, कोळशाच्या भट्ट्या आल्या, मग वीटभट्ट्या. पावसाळा संपला की कुटुंबंच्या कुटुंबं भट्टीवर जातात, शाळा सुटते. केंद्र सरकारने महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना विशेष असुरक्षित आदिवासी मानलं आहे, त्यांत कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकरी आहेत. त्यांची कातकरी बोली मराठीच्याच कुळातली, तिच्या शेजारची. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या मराठीला वाहिलेल्या सातव्या खंडात, म्हणजे 1905 मध्ये, तिचे नमुने छापले गेले. तेव्हाही तिची गणना मराठीची एक बोली म्हणून झाली आणि लोकांनी त्यावरून ती अशुद्ध मराठी आहे असं ठरवून टाकलं.

कातकरीची आणि झारामोची गोष्ट इथे जुळते. दोघींनाही परक्याने नाही गिळलं. घरातल्याच मोठ्या, चांगल्या, शाळेत शिकवल्या जाणाऱ्या भाषेच्या सावलीत त्या बारीक झाल्या. जंजिऱ्याच्या हबशाची भाषा तुटली कारण त्याचं घर तुटलं होतं. कातकऱ्याचं घर अजून आहे. आजी आहे, नातू आहे, दोघांमध्ये बोलणं आहे. तुटतो आहे तो फक्त शाळेच्या उंबरठ्यापाशीचा दुवा: मास्तरांनी हसून दुरुस्त केलेला शब्द मूल पुन्हा उच्चारत नाही.

स्टीअरने झारामोचे शब्द टिपले तेव्हा त्याच्याकडे कागद आणि शाई होती. तळ्याच्या कॉलेजातल्या प्रत्येक मुलाच्या खिशात मोबाईल आहे. दिवाळीनंतर वाड्या रिकाम्या होतात, म्हणून जायचं ते गणपती ते दसरा या दिवसांत. म्हाताऱ्यांना झाडांची नावं विचारावीत, माशांची, खेकड्यांची, कंदांची, नात्यांची. सापडलेला शब्द त्यांच्याच उच्चारात ठेवावा, पुस्तकी मराठीत सुधारू नये. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांनी 2013 मध्ये संपादित केला, तो नमुन्याला पुरेसा आहे. आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत वाडीतच ठेवावी, कारण ती भाषा त्यांची आहे.